पाणी सुटलेली कॅनेलोनी

पहिल्या खेपेला कॅनेलोनीला, म्हणजे सारण भरून भाजायच्या पास्त्याच्या नळ्यांना, इतकं पाणी सुटलं की ताटात सॉस नव्हे, सोलकढीच! दोष सारणातल्या रिकोटाचा, म्हणजे मऊ ताज्या चीजचा. फोंड्यात मिळेना, म्हणून दूध माडाच्या व्हिनेगरने फाडून घरीच केला होता आणि घाईत निथळू दिला नव्हता.

दुसऱ्यांदा तो पंच्यात बांधून दोन तास नळाला टांगला. उकडलेला पालक मुठीत पिळला, तर वाटीभर हिरवं पाणी निघालं! चोर तोही होता. नळ्या न उकडताच भरल्या. त्या सॉस पितात, म्हणून सॉस मुद्दाम पातळ ठेवला आणि नळ्या पूर्ण बुडवल्या. फॉइल झाकून १८० अंशांवर अर्धा तास, मग उघड्यावर दहा मिनिटं. वरचं चीज तांबूस झालं. बाहेर पाऊस कोसळत होता. उरलेला सॉस आईने पोदेराच्या पावाने पुसून खाल्ला.