चिनी पुरवठादाराची चौकशी कुठून सुरू करावी?
चीनमधून माल मागवताय? ॲडव्हान्स पाठवण्याआधी पुरवठादाराकडून व्यवसाय परवान्याची प्रत घ्या. व्हिजिटिंग कार्डावरचं इंग्रजी नाव शोधून फारसं हाती लागत नाही. परवान्यावरचं चिनी नाव आणि अंक-अक्षरांचा 18 स्थानी नोंदणी क्रमांक कामाचा. तो 'जीएसएक्सटी' या चिनी सरकारी संकेतस्थळावर टाका. कायदेशीर प्रतिनिधी, व्यवसायाची कक्षा, नोंदणीची तारीख, भांडवल सगळं दिसतं. साइट चिनीत आहे आणि परदेशातून उघडताना रुसते, तेव्हा चिकाटी हवी.

भांडवलाच्या आकड्यावर मात्र भाळू नका. तो बहुधा भरलेला पैसा नसतो, भरण्याचं वचन असतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या सुधारित कंपनी कायद्यानुसार मर्यादित कंपनीच्या भागधारकांना तो भरायला 5 वर्षांपर्यंत मुदत मिळते.