तीन कॉमिक्स, एक डोकं

एकाच वेळी दोन-तीन कॉमिक्सच्या स्क्रिप्ट हातात असतील, तर वार वाटून घेऊ नका. कोणाचा चित्रकार खोळंबलाय ते आधी बघा. पान लिहायला तास-दोन तास, काढायला मात्र अख्खा दिवस जातो. तेव्हा त्याच्यापुढे चार-पाच पानं राहायचं. जिला अजून चित्रकारच नाही ती गोष्ट थांबेल, कितीही लाडकी असली तरी.

आणि वही मिटण्याआधी तीन ओळी खरडा: शेवटची चौकट कोणती, पुढे कोण बोलणार, काय अडलंय. ठाण्याहून वाशी लोकलमध्ये ऐरोलीपर्यंत बसायला मिळालं तर नशीब, पण त्या ओळी वाचल्या की घणसोली येईतो मी त्या गोष्टीत शिरलेलो असतो. एकदा आळस केला, तर भुताच्या गोष्टीतली आजी विनोदी गोष्टीतल्या बंड्यासारखी बोलायला लागली. चित्रकाराने इमानदारीत तशीच काढली!

छापील कॉमिकमध्ये धक्का सम पानावर, म्हणजे पान उलटल्यावरच दिसतो. मोबाइलवर उलटायला पानच नाही. तिथे चौकटीआधी मोकळी जागा वाढवायची. म्हणून वहीच्या कव्हरवर 'छापील' की 'मोबाइल' ते जाड मार्करने लिहून ठेवा.