कोलेस्टेरॉल घराण्यात किती चालतं, हे मोजताना

कोलेस्टेरॉल किती आनुवंशिक आहे हे मोजायला वंशावळीचा डेटा (कोण कुणाचं कोण, आणि प्रत्येकाचे रक्ततपासणीचे आकडे) हाती आला की सॉफ्टवेअर उघडायच्या आधी मी एकच कॉलम शोधते: कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू आहेत का?

एकदा तो पाहायचा राहिला. वडिलांचं एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल, mg/dL मध्ये) ९८, मुलांचं १५१ आणि १४४. अशी बरीच घरं होती, त्यामुळे पालक-अपत्य सहसंबंध पार खाली आला आणि मी दोन आठवडे त्याची कारणं शोधत बसले. वडील स्टॅटिनवर, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांवर होते, एवढंच. अशा वेळी एलडीएलला ०.७ ने भागायची रीत आहे, कारण औषधाने ते साधारण ३० टक्के उतरतं असं धरतात. ९८ चे १४० झाले आणि बाप-लेक एका घरातले दिसू लागले. गोळ्या घेणाऱ्यांना डेटातून वगळू मात्र नका; मुळात ज्यांचं जास्त होतं, नेमकी तीच माणसं त्यात जातात.

ट्रायग्लिसराइड्सचा (रक्तातल्या चरबीचा आणखी एक प्रकार) लॉग घ्या, त्यांची शेपटी उजवीकडे लांब असते. एलडीएल थेट न मोजता फ्रीडवाल्डच्या सूत्राने (बाकीच्या आकड्यांवरून हिशेबाने) काढलं असेल, तर ट्रायग्लिसराइड्स ४०० mg/dL च्या वर असलेल्यांचा आकडा धरू नका. मग वय, वयाचा वर्ग (वय × वय) आणि लिंग यांचा परिणाम रिग्रेशनने वजा करून जो फरक उरतो, त्या अवशेषांवर काम करा. स्त्री-पुरुषांचं रिग्रेशन वेगवेगळं केलेलं बरं, कारण पाळी गेल्यावर बायकांचं एलडीएल चढतं.

आता सहसंबंध. पालक-अपत्य आणि भावंडं सगळेच काढतात; नवरा-बायकोचा जरूर काढा. त्यांचं रक्ताचं नातं सहसा नसतं, स्वयंपाकघर मात्र एक असतं. समजा पालक-अपत्य ०.२५ आला आणि नवरा-बायको ०.१५. मग ०.२५ ची दुप्पट करून ‘आनुवंशिकता (माणसामाणसांतल्या फरकातला जनुकांचा वाटा) ५० टक्के’ असं लिहिणं चूक आहे. त्यातला बराच वाटा घराचा असू शकतो.

जनुकं आणि घर वेगळं करायला व्हेरियन्स कंपोनंट मॉडेल लावा; ते एकूण फरकाचे जनुकं, घर आणि बाकी असे वाटे पाडतं. त्याला दोन मॅट्रिक्स (प्रत्येक जोडीसाठी एक आकडा असलेले तक्ते) द्यावे लागतात. एक मॅट्रिक्स नात्याचं: पालक-अपत्य आणि सख्खी भावंडं ०.५, आजी-नातू ०.२५, चुलत-मावस भावंडं ०.१२५, नवरा-बायको शून्य. दुसरं घराचं: एका छपराखाली राहणारे १, बाकी ०. वेगळी राहणारी लग्न झालेली मुलं आणि चुलत भावंडं इथे सोन्याच्या मोलाची. नुसती आई-बाप-मुलं असतील तर दोन्ही मॅट्रिक्स जवळजवळ एकच गोष्ट सांगतात. आनुवंशिकता शून्य आहे का, ही चाचणी करताना शून्य ही सीमा असते (आनुवंशिकता त्याखाली जाऊ शकत नाही), म्हणून नेहमीच्या काय-वर्ग चाचणीचं पी-मूल्य निम्मं करा.

कुटुंबं एखाद्या रुग्णामुळे निवडली असतील, तर त्या रुग्णाचा आकडा आधीच ठरलेला धरूनच लाइकलिहूड (मॉडेल खरं असेल तर असा डेटा मिळण्याची शक्यता) मांडा.

शेवटी लिपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहणारा, एलडीएलसारखाच एक कण) मोजलेलं असेल तर तेही याच मॉडेलमधून काढून पाहा. त्याची आनुवंशिकता फार जास्त, बहुतेक अभ्यासांत ७० ते ९० टक्के. तुमच्याकडे ती ३० आली तर मॉडेलला हात लावू नका. आधी वंशावळीतले आयडी आणि नमुन्यांची लेबलं एकेक करून जुळवा.