डोमेन घ्या, पण स्वतःच्या नावावर

लोणच्यांचा, होमस्टेचा किंवा क्लासचा धंदा जरा वाढला की वेबसाइटचा विषय निघतो, आणि ओळखीतलं कुणीतरी म्हणतं, "डोमेन मीच घेऊन टाकतो." नको. वेबसाइट कुणाकडूनही बनवून घ्या, डोमेन, म्हणजे वेबसाइटचा इंटरनेटवरचा पत्ता, मात्र स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या खात्यातून घ्या. सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याची जमीन, तसंच हे. नाहीतर पैसे तुम्ही दिले होते हे नंतर सिद्ध करत बसावं लागतं.

सुरुवात नाव वाचण्यापासून करा. डोमेन उजवीकडून वाचायचं. 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन' घ्या. शेवटचं 'इन' भारताचं, त्याची नोंद निक्सी ही संस्था ठेवते. त्याच्या पोटात 'गव्ह', सरकारी कार्यालयांसाठी राखीव. त्याच्या आत 'महाराष्ट्र'. ही सवय फसव्या लिंका ओळखायलाही उपयोगी: सुरुवातीला बँकेचं नाव आहे आणि शेवट भलताच, तर ती बँक नव्हे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना 'डॉट बँक डॉट इन'वर जायला सांगितलं ते यासाठीच.

आता स्वतःचं नाव ठरवा. कसोटी एकच, फोनवर एकदा सांगितल्यावर समोरच्याला ते टाइप करता आलं पाहिजे. मराठी नावांची इथे पंचाईत होते. 'लक्ष्मी' कुणी एक्स घालून लिहितं, कुणी के-एस-एच. परवडत असेल तर दोन्ही स्पेलिंगं घेऊन टाका. देवनागरीतलं 'डॉट भारत' २०१४ पासून मिळतं. पाटीवर ते झकास दिसतं, पण ईमेलसाठी अजून सगळीकडे चालत नाही, म्हणून ते जोडनाव म्हणून ठेवा.

खरेदी रजिस्ट्रारकडून, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडून करायची. पहिल्या वर्षाच्या ऑफरला भुलू नका, नूतनीकरणाचा दर बघा. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी नाव घेता येतं. खात्याला टू-स्टेप लॉगिन लगेच लावा.

खरी गंमत जोडणीत आहे. ब्राउझरला नाव कळत नाही, त्याला सर्व्हरचा, म्हणजे वेबसाइट ज्यावर ठेवली आहे त्या संगणकाचा, आयपी क्रमांक लागतो. तो शोधायला तुमच्या इंटरनेट कंपनीचा रिझॉल्व्हर (नावावरून क्रमांक शोधणारा सर्व्हर) आधी सगळ्यांच्या मुळाशी असलेल्या रूट सर्व्हरला विचारतो, तो 'इन'च्या सर्व्हरकडे बोट दाखवतो, 'इन'वाला तुमच्या नेमसर्व्हरकडे, म्हणजे तुमच्या डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरकडे, आणि क्रमांक शेवटी तिथे मिळतो. ही साखळी पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये आखली. त्याआधी सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलमध्ये असायची आणि जो तो तिची प्रत उतरवून घ्यायचा.

तुमचं काम त्या शेवटच्या टप्प्यावर. होस्टिंगवाल्याने (वेबसाइट ठेवायला सर्व्हर देणाऱ्याने) दिलेला आयपी नेमसर्व्हरवरच्या 'ए' रेकॉर्डमध्ये, म्हणजे नोंदीत, भरा. मेल कुठे पोचवायची ते 'एमएक्स' रेकॉर्ड सांगतो. होस्टिंग बदलताना लोक थेट नेमसर्व्हरच बदलतात, नव्या ठिकाणी एमएक्स भरायचं राहून जातं, आणि वेबसाइट छान चालू असताना ऑर्डरच्या मेल येणं बंद होतं. म्हणून आधी सगळ्या रेकॉर्डांचा स्क्रीनशॉट घ्या. बदलाच्या आदल्या दिवशी टीटीएल, म्हणजे उत्तर किती वेळ साठवून ठेवायचं तो आकडा, ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे जुनं उत्तर रिझॉल्व्हरांकडे फार वेळ साठून राहणार नाही.

नूतनीकरण ऑटोवर टाका, पण कार्डाची मुदत संपते हे ध्यानात ठेवा. आणि रजिस्ट्रारकडे दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नको: डोमेन बंद पडलं की आठवणीची मेलही तिथेच अडकते. 'डॉट कॉम' नाव मुदतीनंतर रजिस्ट्रारने रद्द केलं, तर ३० दिवस जादा शुल्क भरून परत मिळतं. पुढे ५ दिवसांनी ते कुणालाही खुलं होतं.

डोमेन आधीच दुसऱ्याच्या खात्यात असेल, तर त्याच्याकडून ऑथ कोड (ट्रान्सफरसाठी लागणारा पासवर्ड) मागा आणि आपल्या खात्यात ट्रान्सफर करून घ्या. नव्या 'डॉट कॉम' नावाला त्यासाठी साधारण ६० दिवस थांबावं लागतं. वेबसाइटवाल्याचं शेवटचं बिल चुकतं करायच्या आधी हे काम उरका.