क्रूझवरून सॅन्टोरिनी: एका दिवसाचं गणित

कोल्हापुरातून ग्रीसच्या क्रूझला निघताय? वाटेत तुर्कस्तानचं बंदर असेल तर शेंगेन व्हिसा (ग्रीससह युरोपातल्या अनेक देशांचा सामायिक व्हिसा) मल्टिपल एंट्रीचाच घ्या. तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही, म्हणून सिंगल एंट्रीवर ग्रीसमध्ये परत उतरता येत नाही.

सॅन्टोरिनी या ग्रीक बेटावर मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत. ज्वालामुखी खचून झालेल्या, समुद्रानं भरलेल्या कढईत ती थांबतात आणि छोट्या बोटी फिरा गावाखालच्या जुन्या बंदरात सोडतात. वर जायला रोपवे, नाहीतर सुमारे 590 पायऱ्या. पायऱ्या गुळगुळीत, त्यात गाढवांची लीद. कोल्हापुरी पायताण जहाजावरच ठेवा, रबरी तळव्याचे बूट घाला. गाढवावर बसू नका, उन्हात त्या मुक्या जिवांचे फार हाल होतात.

वर पोचलात की आधी बसनं इया गाव गाठा: 11 किलोमीटर, साधारण अर्धा तास. सुटे युरो जवळ हवेत. फिरा गाव परतताना बघा आणि कड्यातले थर नीट न्याहाळा. आपल्या पन्हाळ्याचा काळा दगडही लाव्हाचाच, पण तो थरावर थर पसरत गेला. इथं सुमारे 3600 वर्षांपूर्वी प्रचंड स्फोट होऊन राख आणि प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) साचलं, म्हणून वरचा थर पांढरट.

शेवटच्या बोटीआधी दोन तास रोपवेच्या रांगेत लागा. सगळ्या जहाजांची माणसं एकाच वेळी परततात, तासभर सहज मोडतो. रांग हलेना तर पायऱ्यांनी उतरा. अर्धा तास पुरतो.