टीएमपी डिरेक्टरी वापरताना या चुका टाळा

युनिक्स घराण्यातील प्रत्येक प्रणालीत टीएमपी (/tmp) नावाची, तात्पुरत्या फाइलींसाठीची डिरेक्टरी असते आणि तिथे कोणताही युजर फाइल लिहू शकतो. या सोयीमुळे ती आपलीच खासगी जागा असल्यासारखी वापरली जाते. प्रत्यक्षात ती सगळ्यांच्या वहिवाटीची आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे फाइलला ठरलेले नाव देणे. माझी रात्री चालणारी एक स्क्रिप्ट टीएमपीत ‘अहवाल’ नावाचीच फाइल लिहीत असे. एका रात्री पहिली फेरी लांबली, तेवढ्यात दुसरी सुरू झाली, आणि सकाळी हाती आलेल्या अहवालात दोन्ही फेऱ्यांच्या ओळी एकमेकींत मिसळलेल्या होत्या. एररचा मात्र कुठे मागमूस नव्हता. याहून वाईट म्हणजे, नाव आधीच ठाऊक असेल तर दुसरा युजर त्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारा दुवा) तयार करून ठेवू शकतो, आणि रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या अधिकाराने चालणारी स्क्रिप्ट तिच्यामागून जाऊन भलत्याच फाइलवर लिहिते आणि तिचा मजकूर पुसून टाकते. लिनक्स कर्नलमध्ये २०१२ पासून याविरुद्ध संरक्षणाची सोय आहे, पण ती सेटिंगवर अवलंबून असल्याने तिच्या भरवशावर राहू नये. नावापुढे प्रोसेस क्रमांक जोडणेही पुरेसे नाही, कारण तो ओळखता येतो. एमकेटेम्प ही कमांड अंदाज न येणारे नाव निवडते आणि फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी फाइल त्याच क्षणी तयार करते. काम संपल्यावर ती पुसण्यासाठी स्क्रिप्टमध्ये ट्रॅप (स्क्रिप्ट संपताना आपोआप चालणारी आज्ञा) लावावा. मात्र किल -९ ने, म्हणजे सक्तीने, प्रोसेस मारली तर ट्रॅप चालत नाही.

परवानगीची अडचण आली की घाईत ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, देऊन मोकळे होणारे अनेक जण असतात. टीएमपीची योग्य परवानगी १७७७ आहे. त्यातील पहिला एक म्हणजे स्टिकी बिट. तो गेला की कोणीही दुसऱ्याची फाइल पुसू शकतो. एलएस -एलडीने दिसणाऱ्या परवानग्यांच्या शेवटी ‘टी’ हे अक्षर आहे ना, एवढे पाहावे.

फाइल तिथे टिकेल हे गृहीत धरू नये. डेबियन १३ पासून टीएमपी मुळातच टीएमपीएफएसवर, म्हणजे मेमरीत असते. मोठी फाइल टाकली तर ती रॅम खाते आणि रिबूटनंतर नाहीशी होते. रिबूटनंतरही हवी असलेली फाइल व्हार-टीएमपीत (/var/tmp) ठेवावी. तीही कायमची नव्हे: सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) मूळ मांडणीत टीएमपीतील दहा दिवस न हाताळलेल्या, तर व्हार-टीएमपीतील तीस दिवस न हाताळलेल्या फाइली साफ होतात.

‘जागा शिल्लक नाही’ असा एरर आला आणि डीएफ (डिस्कवरील वापरलेली व मोकळी जागा दाखवणारी कमांड) डिस्क भरलेली दाखवत असताना डीयूची (फाइलींचे आकार मोजणाऱ्या कमांडची) बेरीज मात्र फारच कमी भरली, तर पुसलेली फाइल एखाद्या प्रोसेसने अजून उघडी धरलेली असण्याची शक्यता मोठी. नाव गेले तरी ती प्रोसेस फाइल सोडेपर्यंत जागा सुटत नाही. एलएसओएफने (उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या कमांडने) ती प्रोसेस शोधून रीस्टार्ट करावी. डीएफमध्ये जागा दिसत असेल, तर डीएफ -आयने आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंद) तपासावेत, कारण लाखो बारक्या फाइली जागेआधी आयनोड संपवतात.

सर्व्हिसच्या लॉगनुसार फाइल लिहिली गेली, पण तुम्हाला टीएमपीत ती दिसतच नाही, असे झाले तर त्या सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये (सिस्टिमडीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) प्रायव्हेटटीएमपी चालू आहे का पाहावे. तसे असेल तर त्या सर्व्हिसला तिची स्वतंत्र टीएमपी मिळालेली असते, आणि फाइल तिथेच असते.