पाना, पक्कड, हातोडी: कोड कसा ठरवायचा?

आयात मालावर सीमाशुल्क ठरवण्यासाठी प्रत्येक वस्तूला एचएस कोड लावावा लागतो: त्याचे पहिले दोन आकडे म्हणजे चॅप्टर, चार म्हणजे हेडिंग, सहा म्हणजे सबहेडिंग. आयात हत्यारांचं इन्व्हॉइस समोर आलं की त्यावरचं नाव मी शेवटी वाचते. 'मल्टिपर्पज प्रोफेशनल कटर' असली नावं विकणाऱ्याने विकण्यासाठी ठेवलेली असतात. मी फोटो आणि कॅटलॉग मागवते आणि त्यात दोन गोष्टी शोधते: प्रत्यक्ष काम करणारं टोक कशाचं आहे, आणि जोर कोण लावतंय, हात की मोटर.

टोकापासून सुरुवात करायची, कारण हाताच्या हत्यारांच्या ८२व्या चॅप्टरच्या सुरुवातीला दिलेली पहिलीच नोट तेच विचारते. पातं, धार किंवा काम करणारा भाग लोखंड-पोलादासारख्या साध्या धातूचा, मेटल कार्बाइडचा (धातू आणि कार्बनचं कठीण संयुग) किंवा सरमेटचा (सिरॅमिक आणि धातूचं मिश्रण) हवा. धातूवर बसवलेला हिरा असेल तरी चालतो, म्हणून काच कापायची हिरकणी इथेच येते. ब्लो लॅम्पसारखे मोजके अपवाद सोडले तर बाकीच्यांना दार बंद. लाकडी हातोडा ४४१७ मध्ये जातो, रबरी हातोडा ४०व्या चॅप्टरमध्ये. उलट, लाकडी दांड्याची कुऱ्हाड ८२०१ मध्येच राहते, कारण तोडतं ते पोलाद. नुसता दांडा वेगळा आला तर मात्र तोही ४४१७.

याच नोटमुळे गोल पात्यांवरून वाद होतात. कार्बाइडचे दात बसवलेलं करवतीचं पातं ८२०२ मध्ये बसतं. टाइल कापायची हिऱ्याच्या कणांची चकती दिसायला तशीच, पण तिथे दात कापत नाहीत, कण घासतात. ती ६८०४. फोटोवरून खात्री होत नसेल तर पुरवठादाराला थेट विचारा, की कापतं काय?

आता जोर. हातात धरायची पण आत मोटर असलेली ड्रिल किंवा ग्राइंडर ८४६७ मध्ये जातात. त्यांची बदलता येणारी बिटं मात्र परत ८२०७ मध्ये, मग ती हाताच्या हत्याराला लागोत की मशीनला. विजेची सोल्डरिंग आयर्न ८५१५, ज्योतीवर तापवायची ८२०५.

एवढं झालं की हेडिंग शोधणं सोपं. कुदळ, फावडं, विळा, कुऱ्हाड ८२०१, करवती ८२०२, कानस, पक्कड, पत्रा कापायची कात्री ८२०३, पाने आणि सॉकेट ८२०४, टॉर्क रेंचसुद्धा (आटे पाडायचा टॅप फिरवणाऱ्या टॅप रेंचला मात्र हेडिंगच्या मजकुरातच वगळलंय). हातोडी, रंधा, पटाशी, स्क्रू ड्रायव्हर, बेंच व्हाइस आणि ज्यांना दुसरीकडे जागा नाही ती हत्यारं ८२०५. या हेडिंगकडे सगळ्यात शेवटी यावं. घाईत असलेली माणसं इथूनच सुरुवात करतात.

खरी गंमत सेटची. 'टूल सेट' दिसलं की बोट आपोआप ८२०६ वर जातं. त्या हेडिंगचा मजकूर एकदा हळू वाचा: ८२०२ ते ८२०५ यांपैकी किमान दोन हेडिंगांमधली हत्यारं, आणि किरकोळ विक्रीसाठी एकत्र मांडलेली. म्हणजे पक्कड, पाना आणि हातोडी एका पेटीत असली तर ८२०६. सोबत एखादी मोजपट्टी असली म्हणून सेट बिघडत नाही. पण रॅचेट आणि सॉकेटच्या पेटीत सगळंच ८२०४ चं, मग ८२०६ कुठून येणार? हातोडी, पटाशी, स्क्रू ड्रायव्हर असा सेट असेल तर तिन्ही ८२०५ ची; त्यासाठी ८२०५.९० मध्ये स्वतंत्र सोय आहे. बागकामाच्या सेटचं तर ८२०६ शी नातंच नाही, कारण ती यादी ८२०१ ला वगळून सुरू होते. तिथे हेडिंग ८२०१ आणि सबहेडिंगसाठी वर्गीकरणाच्या सर्वसाधारण नियमांपैकी नियम ६ मार्फत नियम ३: आधी सेटला मुख्य स्वरूप देणारी वस्तू शोधायची, ते ठरतच नसेल तर क्रमाने शेवटचं सबहेडिंग घ्यायचं. आणि हातोड्या एका खोक्यात, पकडी दुसऱ्या खोक्यात आल्या असतील तर तो सेटच नव्हे. वेगवेगळ्या ओळी लिहा. सेटच्या मापाची, खाचे पाडलेली टिकाऊ पेटी मात्र नियम ५ प्रमाणे सेटबरोबरच जाते.

सुट्या भागांचं थोडक्यात: धातूचे भाग सहसा आपल्या हत्याराबरोबर जातात, पण स्क्रू ७३१८ आणि पोलादी स्प्रिंग ७३२०, ते पकडीसाठीच बनवलेले असले तरी.

पहिले सहा आकडे जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या पद्धतीचे, १९८८ पासून लागू असलेले. पुढचे आकडे आणि दर ज्या त्या देशाचे. म्हणून पुरवठादाराने लिहून पाठवलेला लांबलचक कोड जसाच्या तसा उतरवू नका. त्याची आवृत्तीही बघा, अजून २०१७ ची यादी वापरणारे भेटतात. सध्या लागू आहे ती २०२२ ची आवृत्ती.

फाइलमध्ये मी प्रत्येक वस्तूखाली एकच ओळ लिहून ठेवते: टोक कशाचं, जोर कशाचा, कोणत्या नोट किंवा नियमाने कोड ठरला. माल मोठा आणि शंका खरी असेल तर जहाज निघण्याआधी अॅडव्हान्स रुलिंगसाठी (कोडबद्दल सीमाशुल्क खात्याचा आगाऊ निर्णय) अर्ज करते, सोबत नमुना किंवा आतला भाग दिसेल असं चित्र जोडून.